दहा माणसांना घरी जेवायला बोलवायचं तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. साताऱ्याहून नोकरीनिमित्त तुम्ही गोव्यात पर्वरीला आलात. घरात तुम्ही दोघं, दोन मुलं आणि शाकाहारी सासूबाई. शेजारचे आणि ऑफिसातले लोक अगत्याने जेवायला बोलावतात. तुम्ही त्यांना बोलावलंत की मात्र दोन दिवस आधीपासून तयारी चालते, पाहुणे बसले तरी तुम्ही स्वयंपाकघरातच असता आणि सगळे उठल्यावर गार जेवता. इथल्या घरांत दहा-बारा माणसं अचानक आली तरी कुणाची तारांबळ उडत नाही, ते कसं, असं तुम्ही विचारलंय. शिवाय तुमचं हुमण, म्हणजे माशांचं कालवण, चोथा-पाणी होतं, मासा तुटतो, आणि सासूबाईंचं काय करायचं ते समजत नाही.

फोंडा तालुक्यातल्या एका मोठ्या घरात मी स्वयंपाक शिकले. पुढे पणजीत बरीच वर्षं घरगुती जेवण करून दिलं आणि आजही लग्न होऊन किंवा नोकरीसाठी गोव्यात आलेल्या मुलींना शिकवते. त्या अनुभवावरून सांगते.

तुम्ही ज्यांच्याकडे जेवलात त्यांनी तुमच्यासाठी वेगळं काही केलेलं नसतं. शीत (भात), हुमण, तळलेली तुकडी, एक भाजी, सोलकडी हे त्यांचं रोजचं जेवण. तुम्ही येणार म्हणून त्यांनी ते वाढवलं, मासा जरा बरा आणला, एवढंच. या पानात शेवटच्या क्षणी करण्यासारखी एकच गोष्ट असते, ती म्हणजे मासे तळणं. हुमण सकाळी होतं आणि मुरल्यावर जास्त चांगलं लागतं. सोलकडी गारच घ्यायची. भाजी कोमट असली तरी चालते. तुम्ही पाहुण्यांना पनीरची भाजी, पुलाव, कोशिंबीर, पोळ्या, गुलाबजाम असं करता असं लिहिलंय. त्यातल्या प्रत्येक पदार्थाचा मसाला वेगळा आणि प्रत्येक पदार्थ ऐन वेळचा. दहा माणसांच्या तीस-चाळीस पोळ्या लाटून भाजायच्या म्हणजे एक माणूस तास-दीड तास ओट्यापाशी अडकलाच. माझ्या मते तुमच्या गार जेवणाचं खरं कारण पोळ्याच आहेत. पाहुणे येतील त्या दिवशी भातच करा. ज्यांना भात नको त्यांच्यासाठी पोदेराकडून (पाववाल्याकडून) उंडे (गोल पाव) किंवा पोळी घ्या. (इथली पोळी म्हणजे कोंडा लावलेला पाव, हे तुम्हाला एव्हाना ठाऊक झालं असेलच.) पोदेर सकाळ-संध्याकाळ दारावर येतो. संध्याकाळचा ताजा पाव हुमणाबरोबर फार छान लागतो.

आता हुमण. तुमची सगळी अडचण वाटणात आहे. चार माणसांना एका मध्यम नारळाचं खोबरं, सात-आठ सुक्या मिरच्या, मोठा चमचाभर धणे, अर्धा लहान चमचा हळद आणि चिंचेचं छोटं बोटुक एवढं पुरतं. रंगाला बेडगी चालते. मिळाली तर काणकोणकडची खोल्याची किंवा पेडण्याकडची हरमलची मिरची आणा, त्यांना स्वतःची चव आहे. दहा माणसांना दोन मोठे नारळ लागतात, पण मिरच्या आणि हळद माणसांच्या हिशोबाने वाढवू नका. मिरच्या चौदा-पंधरा पुरेत, कारण पंगतीत मुलं आणि म्हातारी माणसं असतात. ज्याला तिखट हवं त्याला लोणचं आहे.

मिरच्या आणि धणे गरम पाण्यात वीसेक मिनिटं भिजवा आणि आधी तेच मूठभर खोबऱ्याबरोबर वाटून घ्या. सगळं एकदम मिक्सरमध्ये घातलं की खोबरं फिरत राहतं आणि मिरचीची सालं तशीच राहतात. मग उरलेलं खोबरं आणि चमचाभर भिजवलेले तांदूळ घाला. तांदळामुळे रस मिळून येतो आणि तळाशी चोथा बसत नाही. पाणी थोडं थोडं आणि थंडच घाला. मिक्सर थांबत थांबत चालवा, कारण भांडं तापलं की खोबऱ्याचं तेल सुटतं आणि वाटण तेलकट होतं. दोन बोटांत चोळून पाहा. कण लागला तर अजून वाटा. पूर्वी रगड्यावर हेच काम अर्धा तास चालायचं, तेव्हा मिक्सरवर पाच मिनिटं जास्त द्यायला कंटाळू नका. हुमण चांगलं की वाईट ते इथेच ठरतं.

वाटण पाण्यात सैल करून रुंद भांड्यात घाला, बारीक चिरून हाताने चुरडलेला कांदा टाका आणि मध्यम आंचेवर कच्चा वास जाईपर्यंत उकळा. आठ-दहा मिनिटं लागतात. झाकण ठेवू नका. मग मीठ, चार-पाच सोलं (आमसुलं) आणि ठेचलेली तेफळं (तिरफळं) घाला. तेफळाचं काळं बी काढून टाकायचं, आपल्याला फक्त टरफल हवं. ते वाटायचं नाही, नुसतं ठेचायचं. वाटलं तर कडू होतं. चार माणसांना सहा-सात तेफळं पुरतात. बाहेरच्या पाहुण्यांना सांगून ठेवा की ते चावायचं नाही, पानाच्या कडेला काढायचं. नाहीतर जीभ बधिर झाली म्हणून माणूस घाबरतो.

तेफळ बांगड्याला, तारल्यांना, पेडव्यांना. तेलकट माशाचा उग्रपणा ते मारतं. सुंगटांच्या (कोळंबीच्या) हुमणाला तेफळं घालू नका. तिथे आंबाडे, कैरी किंवा बिमलं घाला आणि मग सोलं कमी करा. हा भेद पाळला नाही तर प्रत्येक हुमण एकाच चवीचं होतं. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण इथल्या जेवणातली निम्मी गंमत आंबटाच्या वेगवेगळ्या जातींत आहे.

मासा अगदी शेवटी. आंच बारीक करा, तुकड्या एका थरात सोडा आणि त्यानंतर भांड्यात डाव घालू नका. फडक्याने दोन्ही कान धरून भांडंच हलकं फिरवायचं. बांगड्याला पाच-सहा मिनिटं पुरतात. तुमचा मासा तुटतो तो दोन कारणांनी: एकावर एक रचल्यामुळे आणि ढवळल्यामुळे. दहा जणांचं हुमण एका खोल पातेल्यात करू नका, दोन रुंद भांडी लावा. गॅस बंद केल्यावर वरून चमचाभर कच्चं खोबरेल तेल. फोडणी नाही. मग किमान तासभर हात लावू नका. मातीचं कुंडलं असेल तर त्यात करा, उष्णता टिकते आणि रस हळूहळू दाटतो.

माशांबद्दल एक गोष्ट मी प्रत्येकीला बजावून सांगते. बांगडा, तारले, कुपा (ट्यूना) हे मासे उन्हात किंवा स्कूटरच्या डिकीत तास-दोन तास राहिले की त्यांत हिस्टामिन नावाचं द्रव्य तयार होतं. ते शिजवून, तळून किंवा आंबट घालून जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, डोकं धरतं, अंगावर गांधी उठतात आणि आपल्याला वाटतं की या माणसाला मासा सोसत नाही. म्हणून बाजारात सगळ्यात शेवटी मासे घ्या, बर्फ मागून घ्या आणि घरी पोचताच साफ करून फ्रिजमध्ये ठेवा. डोळे पाणीदार, कल्ले लाल, बोटाने दाबलेलं अंग लगेच वर येणारं, एवढं बघितलंत तर पणजीच्या किंवा म्हापशाच्या बाजारात तुम्हाला कुणी शिळा मासा देणार नाही. एकाच नुस्तेकान्नीकडे (मासे विकणाऱ्या बाईकडे) जात राहा. चार-सहा वेळा गेल्यावर तीच सांगते, ‘आज बांगडो घेऊं नाका, मुड्डशो व्हरा’ (आज बांगडा नको, मुडदुशा न्या). तिचं ऐका.

तळायला इसवणाच्या (सुरमईच्या) तुकड्या सोप्या. मीठ, हळद, तिखट आणि सोलांचा किंवा लिंबाचा रस लावून वीस मिनिटं ठेवा, मग रवा आणि थोड्या तांदळाच्या पिठात घोळवा. तवा चांगला तापू द्या. तुकडी खालून सुटून येईपर्यंत उलटू नका आणि एकदाच उलटा. दोन तवे लावले तर दहा तुकड्या पंधरा मिनिटांत होतात. हे काम पाहुण्यांपैकी कुणाला तरी द्या. गोव्यातल्या पुरुषांना मासे तळायला आवडतं आणि ते चांगलं जमतं. तेवढ्यात तुम्ही पानं घ्या.

पहिल्या वेळी तळणंही नको वाटलं तर किसमूर करा. सुकी सुंगटं साफ करून कोरडी खमंग भाजायची आणि डब्यात ठेवायची. वाढताना ओलं खोबरं, बारीक कांदा, तिखट, मीठ आणि चिंचेचा कोळ यांत कालवायची. आधी कालवली तर मऊ पडते.

सासूबाईंबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण बहुतेक घरांत इथेच मन दुखावतं. सगळ्यांना मासा आणि त्यांना कोपऱ्यात वरण-भात, असं करू नका. आणि त्यांच्यासाठी म्हणून एक वेगळी छोटी वाटीही नको. गोव्यातल्या हिंदू घरांत आठवड्यातला एखादा वार, बहुतेक सोमवार, चवथीचे (गणेशचतुर्थीचे) दिवस, श्रावण, घरचं देवकार्य असे शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवणाचे दिवस खूप असतात. त्या दिवशी सगळं घर तेच जेवतं, त्यामुळे शिवराक पदार्थ इथे दुय्यम नाहीत. त्यांतला एक मोठ्या भांड्यात करा, सगळ्यांना वाढा आणि तो पानातला मुख्य पदार्थ समजा.

माझी पसंती खतखत्याला, म्हणजे अनेक भाज्यांच्या कालवणाला. दहा जणांना एक वाटी तूरडाळ शिजवून घ्या. सुरण, कच्ची केळी, रताळं, मक्याच्या कणसाचे तुकडे, मुळा, शेवग्याच्या शेंगा, लाल भोपळा यांतलं जे मिळेल ते, पण पाचेक भाज्या तरी हव्यात. कठीण भाजी आधी, भोपळा शेवटी. खोबरं, सुकी मिरची आणि हळद वाटून घालायची, मग गूळ, सोलं आणि तेफळं. कांदा नाही, लसूण नाही, फोडणी नाही. सोलं भाज्या मऊ झाल्यावरच घाला. आंबट आधी पडलं तर डाळ आणि सुरण दोन्ही शिजायचे थांबतात. सुरण चिरताना हाताला तेल लावा. साताऱ्याच्या माणसाला गूळ आणि आंबट यांचा मेळ परका नाही, त्यामुळे सासूबाईंना ते लगेच आपलं वाटेल. चवथीला आमच्याकडे हे मोठ्या टोपात होतं आणि मासे खाणारी माणसंही दोन-दोनदा मागून घेतात.

याशिवाय आळसांद्यांचं (चवळीसारख्या कडधान्याचं) तोंडाक म्हणजे रस्सा, मुगागाठी (मोडाच्या मुगांचं कालवण) किंवा सात शिरांच्या भेंड्यांचं सोलं घालून केलेलं कालवण यांतलं काहीही चालेल. तांबडी भाजी (लाल माठ) तर रोजची: कांदा, हिरवी मिरची, वरून खोबरं, दहा मिनिटांत होते. क्रम मात्र पाळा. आधी शिवराक सगळं करून झाकून बाजूला ठेवा, वाटणातला त्यांचा वाटा पहिल्यांदा काढा आणि मगच मासे ओट्यावर आणा. तवा, डाव, तेल वेगळं. सासूबाईंना हे करताना दिसलं की त्यांना निश्चिंत जेवता येतं. जमल्यास खतखत्याच्या भाज्या त्यांनाच चिरायला द्या आणि गूळ किती तेही त्यांनाच विचारा.

भाताचं थोडक्यात. उकडे तांदूळ दहा माणसांना किलोभर. स्वच्छ धुऊन तासभर भिजवा, चौपट-पाचपट पाण्यात उघड्या भांड्यात शिजवा, शीत बोटांनी दाबून बघा, मग पेज निवळून काढा. पेज फेकू नका. उकडा भात आवडला नाही तर सुरय (न उकडलेला पांढरा तांदूळ) करा, कुणी काही म्हणणार नाही.

सोलकडीसाठी सोलं कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून पिळा. नारळाचा रस, लसूण, हिरवी मिरची, मीठ. गरम करायची नाही, रस फुटतो. बिनकल्हईच्या पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नका, आंबट त्याला लागतं. स्टील, काच किंवा माती.

दिवसाचा हिशोब असा लावा. आदल्या रात्री नारळ खवून डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा. आदोळीवर (खवणीच्या विळीवर) बसून खवायचं काम घरातल्या मोठ्या माणसांनी वाटून घ्यावं, मुलांना खोबरं भरायला द्या. सकाळी बाजार. अकरापर्यंत शिवराक पदार्थ आणि हुमण. बारापर्यंत सोलकडी आणि कापलेलं लिंबू-कांदा. मग आंघोळ करून साडी नेसून बसा. पाहुणे आल्यावर भात आणि तळण एवढंच उरतं. सगळी भांडी मध्ये आणून ठेवा आणि तुम्हीही सगळ्यांबरोबर पान घ्या. उठून वाढायला कुणी ना कुणी असतंच. तुम्ही उभ्या राहिलात तर पाहुण्यांनाही घास गोड लागत नाही, ते भराभर जेवून मोकळे होतात. आणि आग्रह एकदाच करा. मधुमेह, पथ्य, उपास यांबद्दल माणसं चारचौघांत बोलत नाहीत. ‘नको’ म्हटल्यावर पुन्हा वाढलं की त्यांना कारण सांगावं लागतं.

बोलावताना वार बघा. सोमवार टाळा, श्रावणात मासा धरून बेत करू नका, आणि ख्रिश्चन शेजाऱ्यांना बोलावताना त्यांचे ईस्टरआधीचे उपासाचे दिवस विचारून घ्या. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, त्या दिवसांत ताजा समुद्राचा मासा कमी आणि महाग. इथली घरं त्याची सोय मे महिन्यातच करतात. सुके बांगडे, सुकी सुंगटं, सोलं, चिंच, मिरच्या, खारवलेल्या कैऱ्या असा पुरुमेत (पावसाळ्याची बेगमी) भरतात. मडगावला होली स्पिरिट चर्चजवळ पुरुमेताचं फेस्त (जत्रा) भरतं, तिथे आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हे सगळं मिळतं. पहिल्या पावसानंतर बाजारात तायखिळा (टाकळा), कुर्डू, आळू अशा पालेभाज्या येतात. त्या महिन्यांत पाहुण्यांना तायखिळ्याची भाजी आणि किसमूर घाला. मासा नाही म्हणून माफी मागायची गरज नाही, त्यांच्याही घरी त्या दिवशी तेच असतं.

उरलेल्याचं. भात दोन तासांच्या आत पसरट ताटलीत गार करून फ्रिजमध्ये टाका. इथल्या दमट हवेत तो लवकर बिघडतो आणि वास येण्याआधीच पोटाला त्रास देऊ शकतो. हुमण रात्री एकदा खळखळून गरम करा, निवू द्या आणि फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी ते आटवून घट्ट केलं की पेजेबरोबर किंवा पावाबरोबर न्याहारी झाली. शेजारणीने काही भांड्यातून आणलं असेल तर ते रिकामं परत करू नका, खतखतं घालून द्या. चवथीला आपल्या नेवऱ्या (करंज्या) ख्रिश्चन शेजाऱ्यांच्या घरी आणि नाताळात त्यांचा कुस्वार, म्हणजे दोदोल, बिबिंक वगैरे आपल्या घरी, ही ये-जा गोव्यात जुनी आहे. तुम्ही नवीन असलात तरी पहिली नेवरी तुम्ही पाठवायला काही हरकत नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय की इथल्या लोकांना आपलं साताऱ्याकडचं घातलं तर आवडेल का. आवडेल, नक्की घाला, पण एकच पदार्थ घाला आणि बाकी पान इथलं ठेवा. मासवडी, शेंगदाण्याची आमटी किंवा झुणका-भाकरी यांतलं जे तुमच्या हातचं सगळ्यात चांगलं, ते. भाकरी घालणार असाल तर दहा-बाराच करा आणि तुकडे करून सगळ्यांत वाटा, म्हणजे पुन्हा ओट्याला चिकटून राहावं लागणार नाही. ज्वारीचं पीठ ताजं दळून आणा, जुन्या पिठाच्या भाकरीच्या कडा फुटतात आणि ती थापताना मोडते.